आत्या मला ‘तुम्ही’ म्हणाली तेव्हा

मी शिकलो तो माझ्या आत्यामुळे. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला.

पहिलीत मी ‘न्हाय’ म्हणालो आणि वर्ग हसला. मी रडत घरी आलो. त्या संध्याकाळी आत्याने खारबावच्या आमच्या घरात नियम केला: माझ्याशी बोलताना सगळ्यांनी ‘नाही’ म्हणायचं. ओट्यावर बसलेली माणसं एकमेकांशी आपल्या बोलीत भांडत, माझ्याकडे वळली की शाळेतल्यासारखी बोलत. आजोबासुद्धा अडखळत का होईना, तो नियम पाळत. त्यामुळे गावची बोली मला सगळी कळते, पण माझ्याशी ती कुणी बोललेलंच नाही.

एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं आणि प्रकल्पासाठी हीच बोली निवडली. आत्याचं रोजचं बोलणं टिपायचं, नाहीतर विषय बदलायचा, असं मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. आत्या नवी साडी नेसून खुर्चीत बसली. “माझे बालपण अत्यंत आनंदात गेले,” ती म्हणाली. मग कपबशी पुढे करून, “चहा घ्या.”

जन्मापासून मला ‘तू’ म्हणणाऱ्या बाईने मला पाहुणा करून टाकलं होतं.

“आते, तू काकीशी बोलतेस तसं बोल ना.”

“आदी तो फोन बंद कर.” रागात तिने स्वतःचाच नियम मोडला. मी फोन बंद केला. “तुला कोन हसू नये म्हनून मी घरभर सगल्यांची तोंडं धरली. आता तूच मना घेऊन जातस हसवायला?”

यावर वर्गात शिकलेलं उत्तर माझ्याकडे होतं. समोरचा माणूस पाहून बोलणं बदलतं, ती कुणाची चूक नसते. बोलीलाही तिचे नियम असतात. मी ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वाल सोलायला घेतले.

तेव्हा मला कळलं की तिच्यासमोर पाहुणा बसलाय तो फोन नव्हे, असं पुस्तकी बोलणारा मीच आहे. मी खाली बसलो, मूठभर वाल ओढले आणि म्हणालो, “आते, मना भूक लागली हाय. कवा जेवाचा?”

तिचे हात थांबले. “काय बोललास?”

“जेवाचा कवा?”

ती पदर तोंडाला लावून हसली. “तुझा बोलना तर गोदामातल्या नव्या मुकादमासारका हाय. परत बोल.”

मी परत बोललो. तिने चुका काढल्या, मी तिच्या वालांना नावं ठेवली. “आता फोन लाव,” ती आपणहून म्हणाली, “पन तू पन बोलाचा. मी एकटी न्हाय हसू करून घेनार.”

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. मध्येच दारावरून शेजारचा, यंत्रमागावर कामाला जाणारा लूमवाला गेला. “भैया, आज रात की शिफ्ट है क्या?” तिने विचारलं, आणि त्याच श्वासात माझ्याकडे वळून, “मेल्या, दाने फेकतस कशाला?” माझ्या प्रकल्पातला हा सगळ्यात चांगला तुकडा आहे.

बाईंना ते रेकॉर्डिंग ऐकवून आलो आणि हॉस्टेलवरून आत्याला पत्र टाकलं. आमच्या बोलीत मी लिहिलेलं ते पहिलं पत्र:

“आते,
बाईंनी सगला ऐकला. आख्ख्या वर्गाने ऐकला. वालाच्या दान्यांवर हसली सगली, तुझ्या बोलन्यावर कोन हसला न्हाय. एका पोरीने इचारला, या कोन? मी बोललो, माझी आते हाय, हिनेच मना शिकवला. विषय बदलाचा न्हाय, हाच ठरला.
रविवारी येनार हाय. घरात सगल्यांना सांग, तो नियम आता संपला. आनि मना ‘चहा घ्या’ बोललीस तर मी पिनार न्हाय.”