मध्ये न बोलण्याची पाच मिनिटे

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी इथे सिल्वासात शिक्षक-पालकांच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. मुलांचे म्हणणे कसे ऐकावे, हे तीस वर्षे शिकवलेल्या मला कुणी शिकवावे, अशी मनात अढी होतीच.

नियम एकच होता. समोरच्या मुलीने पाच मिनिटे बोलायचे आणि आपण मध्ये बोलायचे नाही. माझ्यासमोर आमलीची, नववीतली पूनम बसली होती. मिनिटभरातच मी तिला म्हणाले, "मुद्द्यावर ये."

"मॅडम, तुम्ही आउट!" पूनम म्हणाली.

सगळे हसले. मला मात्र १९९१ सालची सुनंदा आठवली. ती सुरंगीची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, एक सांगायचं होतं." मी तिची वही उघडली; गृहपाठाची चार पाने गिचमिड अक्षरात होती. "आधी हे नीट लिहून आण, मग बोल."

दुसऱ्या दिवशी तिने चारही पाने सुवाच्य अक्षरात लिहून आणली. मी 'उत्तम' असा शेरा दिला आणि पुढची वही ओढली. ती क्षणभर उभी राहिली, मग गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत परतलीच नाही.

माझ्या शिस्तीचा मला आजही अभिमान आहे. पण तिचे ते न ऐकलेले वाक्य ऐकायला मी आता कितीही वेळ बसेन. सुरंगीत ती कुणाला भेटली, तर एवढे सांगाल का, की बाई आता मध्ये बोलणार नाहीत?