पाहुण्यांच्या वहाणा

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे अकरा पाहुणे जेवायला होते. माझी तीन वर्षांची मुलगी अजून बोलत नव्हती. बाहेरची बाधा असेल म्हणून तिचा उतारा करायला भगताला सव्वा रुपया ठरला होता. तिच्याच वयाचा पुतण्या घोकलेला पाढा म्हणून शाबासकी घेत होता.

पाहुणे उठले, तशी तिने ज्याच्या त्याच्या पुढे त्याच्याच वहाणा नेऊन ठेवल्या. मला वाटले, बायको खुणावते आहे.

"तूच शिकाडं ना तिले?" मी विचारले.

"मी तं चुल्हापाशी शे!" बायको आतून ओरडली.

मी स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले, वहाणा एकमेकांत मिसळल्या आणि मुलीला पुन्हा वाटायला लावल्या. एकही चुकली नाही. बायकोवरचा माझा संशय पुरता गेला नाही, पण संध्याकाळी आलेल्या भगताला मी येण्याजाण्याचे दोन आणे देऊन परत पाठवले.