हुंकाराची उधारी

लिहिताना चुका झाल्या असतील, आणि अक्षर तर कोंबडी शाईत पाय बुडवून फिरल्यासारखं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर लिहायची वेळच आली नाही. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं खरं बोलणारं आणि तरी कुणाला खरं न वाटणारं माणूस आख्ख्या शिरूर तालुक्यात झालं नाही, एवढं मला लिहून ठेवायचंच होतं.

गोष्ट ऐकणाऱ्यानं दर वाक्याला ‘हूं’ म्हणायची आमच्याकडं रीतच आहे. पण जाऊबाईंचं असं, की हुंकार चुकला की गोष्ट जागेवर बंद. दौंडला दात काढायला गेल्या, तर भूल चढेपर्यंत त्यांनी गोष्ट लावली आणि डॉक्टर बिचारा हातात चिमटा धरून हुंकार देत उभा राहिला. थोरले दीर होते तोवर झोपेतसुद्धा बरोबर जागेवर हुंकार द्यायचे. ते गेल्यावर ती पाळी म्हशीवर आली. तिनं कान हलवला तरी जाऊबाईंना चालायचं. म्हणायच्या, “माणसांपरीस बरी हाय. मधी बोलत न्हाई.” दुसऱ्याचं ऐकणं मात्र त्यांना जमायचं नाही. मी चुकून काही सांगायला लागले, की दुसऱ्या वाक्याला माझी गोष्ट त्यांची झालेली असायची. मला त्याचं काही नव्हतं. चार माणसांत माझा आवाज फुटतच नाही, म्हणून मी आपली हुंकार देत राहायची.

एकाच गोष्टीनं अंगावर काटा यायचा. इनामगावच्या अंगाला, घोडनदीच्या काठी आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. तिथं दुपारच्या त्या एकट्याच खुरपायला बसायच्या आणि बोलत राहायच्या. वाक्य संपलं की थांबायच्या, हुंकाराला लागतो तेवढाच वेळ, आणि पुढं जायच्या. हुंकार चुकला की गप्प होणारी बाई तिथं कधी गप्प झाली नाही.

मग बचत गटाच्या ताईंनी त्यांचं नाव दौंडच्या एका स्पर्धेत घातलं. स्वतःवर घडलेली खरी गोष्ट, कागद न बघता माइकवर सांगायची. मी म्हटलं, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात. तर म्हणाल्या, “माझं समदं मामा कवाच वर पोचलं. आता चुकून जातील कुठं?” पण बसमध्ये त्यांनी माझा हात धरला. एक गोष्ट त्यांनी फक्त दिरांना सांगितली होती. ती एकदा तरी लोकांत सांगून मोकळं व्हायचं होतं. “हुंकार तू दे,” म्हणाल्या. मी मान हलवली.

हॉलमध्ये नियम निघाला, की कुणी आवाज करायचा नाही. जाऊबाईंनी पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबल्या. सगळे चिडीचूप. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. घड्याळ धरून बसलेल्या माणसानं घंटीकडं हात नेला, तेव्हा कुठं माझ्या तोंडून ‘हूं’ निघालं. सगळ्या माना वळल्या. पण गोष्ट चालू झाली.

“माझं पहिलं लेकरू जन्मून राहिलं न्हाई. त्याच साली नदीकाठच्या तुकड्याचा बांध खणताना दोन मडकी लागली, तोंडाला तोंड लावून निजवलेली. आत बोटाएवढी हाडं. इनामगावला जुनी वस्ती खणायला आलेलं सायेब सांगायचं, लई जुन्या काळच्या बाया लेकरू गेलं की असंच घराखाली निजवायच्या. मी मडकी होती तशी लावली, वर माती ओढली. आन् माझ्या लेकराला सांगायची राहिलेली गोष्ट त्या मडक्यातल्या लेकराला सांगितली.”

मला हुंदका आला आणि हुंकार राहिला. तरी हुंकार आला. बारीक, झोपेला आलेल्या लेकराचा, माइकच्या अगदी जवळून. पुढच्या रांगेतल्या बाईनं पदर ओढून घेतला. जाऊबाई दचकल्या नाहीत. “तर असा त्यानं हुंकार दिला,” म्हणाल्या आणि गोष्ट पुरी केली.

परीक्षकांनी हळूच विचारलं, “आजी, हे खरंच घडलं?”

“आत्ता तुम्ही ऐकलं न्हाई व्हय?”

बक्षीस, बैल बसमध्ये शिरल्याची गोष्ट सांगणाऱ्या एका गृहस्थांना मिळालं. परत येताना जाऊबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “लई हुंकार दिलंस गं मला. कवातरी तुझी गोष्ट सांग. समदं फेडीन.”

मी लाजून हसले. सांगू कधीतरी, म्हटलं. सांगायचं राहिलं, आणि कांद्याच्या लागणीआधी त्या गेल्या.

परवा दुपारी त्या तुकड्यात मी एकटीच खुरपत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली त्या दिवसाचं एक वाक्य मोठ्यानं बोलले आणि थांबले. बारीक ‘हूं’ आला. मी मान वर केली नाही, पुढचं वाक्य बोलले. त्या हुंकारामागून दुसरा आला. घोगरा, घाईतला, मध्येच तोंड घालायचं कसंबसं आवरलेला.

ऊन उतरेपर्यंत मी सांगत होते. एकही हुंकार चुकला नाही, आणि माझी गोष्ट कुणी हिसकून घेतली नाही. मागची सगळी उधारी फिटली. पण फिटली म्हणून आता जाऊबाई यायच्या थांबतील, या धास्तीनं मी गोष्ट मुद्दाम अर्धी ठेवून घरी आले.