दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले होते. डेस्कवर मी एकटीच मुलगी. राजकारण, गुन्हे, बाजारभाव ही पानं आधीच वाटली गेली होती. उरलं क्रीडा पान, आणि त्यातलंही क्रिकेट आमच्या वृत्तसंपादकांनी स्वतःकडे ठेवलेलं. त्यांना सगळे दादा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी टेलिप्रिंटरच्या कागदाची लांबलचक गुंडाळी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "यातलं क्रिकेट सोडून सगळं तुझं."

त्या सगळ्यात मोटारींच्या शर्यती होत्या. आमच्या धुळ्याच्या घरी एक सायकल होती, तीही वडिलांची. मोटारीत मी बसले होते ती लग्नाच्या वरातीत. पण इंग्रजीतून आलेला तो मजकूर मराठीत आणायचा आणि रकाना भरायचा, एवढं मला जमत होतं. निदान तसं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी काम आटोपलं की मी चारच्या एसटीनं धुळ्याला जायची, बुधवारची सुट्टी आईकडे काढायला. धुळ्याच्या वार्ताहरासाठी ऑफिसचं एक पाकीट माझ्या हाती असे. एकदा ते पाकीट पाहून कंडक्टरनं विचारलं, "ताई, तुम्ही पेपरवाल्या का?" मी मान हलवताच तो पुढं ओरडला, "नाना, सापडल्या!"

नाना म्हणजे त्या गाडीचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानावर मफलर. मला त्यांनी बॉनेटशेजारच्या सीटवर बसवून घेतलं. एरंडोल मागं पडलं. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "ताई, तुमच्या पेपरात लिहिलंय, गाडी खड्ड्यात गेली आणि आठ सेकंदांत चारी चाकं बदलून बाहेर आली. हाऊ कोणता खड्डा शे?"

मी 'पिट' या इंग्रजी शब्दाचा सरळ शब्दकोशातला अर्थ घातला होता. शर्यतीत गाडी जिथं दुरुस्तीला थांबते त्या जागेला मी खड्डा करून टाकलं होतं. कंडक्टर हसला, मागचे दोन प्रवासी हसले, आणि मला बस थांबवून खाली उतरावंसं वाटलं. पण नाना हसत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. चार चाकांना माणसं किती लागतात? जॅक कोण लावतं? ड्रायव्हर आत बसूनच राहतो का? पुढच्या मंगळवारपर्यंत शोधून आणते, असं मी सांगितलं आणि खरंच शोधलं. जळगावच्या वाचनालयात मोटारींचं एक जुनं इंग्रजी मासिक होतं, ते मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं.

तिथून माझे मंगळवार बदलले. मी बातमी सांगायची आणि नाना त्यातली गाडी चालवायचे. वळणावर ब्रेक कधी मारला असेल, पावसात टायर का बदलला नसेल, हे ते स्टिअरिंगवरचा एक हात उचलून दाखवत. त्यांनी शर्यतीची गाडी कधी पाहिली नव्हती. आमच्या पेपरातले फोटो काळेपांढरे आणि इतके शाईनं भरलेले, की गाडी कुठली आणि रस्ता कुठला हे कळायचं नाही. तरी नाना ते कापून पाकिटात ठेवत.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात टेलिप्रिंटरवर अफवा येऊ लागल्या. त्या वेळचा जगज्जेता ड्रायव्हर आपला संघ सोडून सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्धी संघात जाणार, अशी चर्चा होती. त्याचा करार संपत आला होता. आज तो म्हणे त्या संघाच्या मालकासोबत जेवला, उद्या म्हणे त्यानं सगळं नाकारलं. मी रोज सकाळी ऑफिसात शिरले की आधी टेलिप्रिंटरकडे धावायची. मुंबईच्या मोठ्या पेपरांनी तर तो गेलाच असं छापून टाकलं.

मंगळवारी मी गाडीत बसल्या बसल्या नानांना हे सगळं एका दमात सांगितलं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा ते म्हणाले, "त्याचा जोडीदार कोन शे?"

"कसला जोडीदार?"

"एका संघाच्या दोन गाड्या असतात, तुम्हीच लिहिलं होतं. मग दुसऱ्या गाडीवर कोण?"

होता एक. वयानं लहान, वेगवान, पण बातमीत त्याचं नाव शेवटच्या ओळीत यायचं. मागच्या महिन्यातल्या शर्यतीत तो जगज्जेत्याच्या पुढं होता आणि संघानं त्याला मागं राहायला सांगितलं होतं. मी ते दोन ओळींत उरकलं होतं.

चहाचा कप बॉनेटवर ठेवत नाना माझ्याकडे वळले. "पुढं असलेल्या माणसाला मागं राहायला लावलं? मग ताई, मी सांगस ते आयका. पहिला काही जात नही. दुसरा जाई."

"पण सगळे पेपर म्हणतात..."

"पेपरवाल्यांनी गाडी चालवलीय का?" ते म्हणाले. "आमच्याकडं दुसऱ्या डेपोचा ड्रायव्हर बदलून आला की आम्ही पहिल्यांदा काय विचारतो? तुमच्याकडं घाटात काय करतात, डिझेल कसं वाचवतात. त्या पोराला नेलं की पहिल्याच्या गाडीचं बठ्ठं गुपित आयतं मिळतं. आणि तो मन लावून चालवणार, कारण त्याला दाखवायचंय. मालक मी असतो तर त्यालेच नेलं असतं."

कंडक्टर म्हणाला, "नाना, पैज?"

"लिखी ठेव," नाना म्हणाले आणि गाडी सुरू केली.

बुधवारी धुळ्याला आईशी बोलताना माझं लक्ष नव्हतं. नानांचं म्हणणं मला पटलं होतं, आणि पटलं म्हणून मी बेचैन होते. गुरुवारी ऑफिसात आले आणि बातमीऐवजी एक टिपण लिहिलं. जगज्जेता जागेवर राहील, जाईल तो दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, आणि का जाईल याची कारणं. 'महामार्गावर वीस वर्षं गाडी चालवणारे एक वाचक' असा नानांचा उल्लेख केला.

दादांनी ते वाचलं, चष्मा काढला. "एसटीच्या ड्रायव्हरचं ऐकून आपण मुंबईच्या पेपरांना खोटं पाडायचं?"

"त्यांचं कारण बरोबर आहे, दादा."

"आणि चुकलं तर?"

"तर मोटारींचं काही छापू नका. तो रकानाही क्रिकेटला घ्या."

तो रकाना त्यांना कधीचाच हवा होता. टिपण छापून आलं. आठवड्यात सतरा-अठरा पोस्टकार्डं आली. असोद्याच्या एका केळीवाल्या शेतकऱ्यानं लिहिलं होतं की तुमचा वाचक बरोबर बोलतो. पिंपळनेरच्या एका शिक्षकांनी मात्र लिहिलं, की जगज्जेता जाणार म्हणजे जाणारच, बाईंनी अभ्यास वाढवावा. मी सगळी कार्डं नानांना वाचून दाखवली. शिक्षकांचं कार्ड त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग काही आठवडे नुसत्या अफवा. कधी वाटायचं नाना जिंकले, कधी वाटायचं माझा रकाना गेला. दादा जाता-येता विचारायचे, "काय, तुमच्या गाड्या कुठवर आल्या?"

तो दिवस मंगळवारच होता. साडेतीन वाजले होते, मी पिशवी भरून निघाले होते. सवयीनं टेलिप्रिंटरवर नजर टाकली. शर्यतीची बातमी होती. मी कागद फाडला आणि उभ्यानंच वाचला. जगज्जेत्यानं आपल्याच संघाशी दोन वर्षांचा नवा करार केला होता. आणि खाली दुसऱ्या परिच्छेदात प्रतिस्पर्धी संघानं त्या तरुण ड्रायव्हरचं नाव जाहीर केलं होतं.

मी ओरडले. कंपोझिंगमधली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. दादांनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि एवढंच म्हणाले, "दोन कॉलम दे. वरती घे." मी पंधरा मिनिटांत ती बातमी लिहिली, माझ्या आयुष्यातली सगळ्यात वेगानं लिहिलेली. मूळ कागद मुठीत धरून जिना उतरले आणि रिक्षा दिसेना म्हणून चक्क पळत सुटले. नव्या बस स्टँडपर्यंत साडी सावरत, लोक बघत असताना, कधी नव्हे ते.

चार वाजून गेले होते. गाडी फलाटावरून मागं येत होती. मी तिच्या बाजूनं धावत ड्रायव्हरच्या खिडकीवर थापा मारल्या. नानांनी ब्रेक दाबला.

"दुसरा गेला!" मी ओरडले. "नाना, दुसरा गेला!"

नानांनी एवढा लांब हॉर्न वाजवला, की अख्खा स्टँड वळून पाहू लागला आणि कंट्रोलर शिटी फुंकत धावत आला. कंडक्टरनं मला हात देऊन वर ओढलं. गाडीतल्या प्रवाशांना काही ठाऊक नव्हतं, पण आनंदाची बातमी आहे एवढं कळलं. एका म्हाताऱ्या अक्कांनी मला विचारलं, "काय वं बाई, नवऱ्याची बदली झाली का गावाकडं?"

नानांनी तो इंग्रजी कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी बोटानं ते नाव दाखवलं, तर त्यांनी अक्षरांवर अंगठा ठेवून ते हळूच म्हणून पाहिलं. मग गियर टाकला. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडता पडता माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं ताई, त्या दुसऱ्या गाडीवर आते कोन?"