कुलपासमोरचे वार्ताहर आबा

वार्ताहर आबांचा पहिला व्हिडिओ सुरू झाला तो "आमच्या वार्ताहराकडून" या शब्दांनी! पडद्यावर टोपी सारखी करून उभे तेच, आणि बातमी म्हणे वार्ताहराकडून. दिंद्रुड भागातल्या बातम्या पेपरला पाठवण्यात त्यांची हयात गेलेली; हाताची सवय तोंडात आली. गाव आठवडाभर हसलं. मी तर पोट धरून हसले.

पेपरचं स्थानिक पान बंद झालं तेव्हा आमच्या शेजारच्या ओट्यावर ते दोन दिवस जुनी कात्रणं चाळत बसले. तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन माझ्याकडं आले. "शिकीव बाई. लोक आता वाचीत न्हाईत, बघायलेत. मग आपुन दिसू."

शिकवताना माझा जीव मेटाकुटीला आला. बोट हमखास कॅमेऱ्यावर. एकदा मी बातमीमागं गाणं टाकलं, तर लई संतापले. "बातमीला बेंडबाजा कावून? लगीन हाय का?" स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं आणि मिनिटात संपवायचं, हा त्यांचा हट्ट. पहिली गंमत ओसरल्यावर बघायचे जेमतेम चाळीस जण.

मग गावच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप लागलं. नर्सबाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मला आठवा महिना, नवरा ऊसतोडीला कर्नाटकात. वेळेला माजलगावच्या दवाखान्यापर्यंत पोचेन की नाही, या धास्तीनं मला अन्न गोड लागेना.

आबा रोज सकाळी कुलपासमोर उभे राहू लागले. "आज बुधवार. मी सोता बघायलोय. कुलूप हाय." दुसऱ्या दिवशी गुरुवार, तेच कुलूप. एक पुढारी चिडून म्हणाला, "आबा, कावून गावाची लाज काढायलात?"

"तुमी कुलूप काढा, मी गप बसतो."

तिकडं उसाच्या फडात आमची माणसं तो व्हिडिओ बघून पुढं धाडत होती. नवऱ्याचा रोज फोन, "आज बी कुलूपच?" पेपरातल्या दोन ओळी दुसऱ्या दिवशी रद्दीत जायच्या, हे कुलूप मात्र फिरत फिरत रोज नव्यानं आरोग्य खात्याच्या साहेबांच्या मोबाइलवर जाऊन बसत होतं.

पंचविसाव्या सकाळी दार उघडं! आत नवी नर्सबाई झाडत होती. "आज शनिवार. मी सोता बघायलोय..." वाक्य अर्धंच सोडून आबांनी ते उघडं दार हातानं ढकलून बघितलं. मोबाइल माझ्या हातात होता आणि मी ढसाढसा रडत होते. जिंकलो होतो आम्ही!

महिन्याभरानं त्याच खोलीत माझी मुलगी झाली. आबा बाहेर उभे होते, मोबाइल खिशातच. बाळंतपणाला आलेल्या माझ्या आईनं विचारलं, "आबा, आज व्हिडिओ न्हाई काढायचा?"

"कशाला बाई? पोरगी सोताच सांगायलीय, अख्ख्या गावाला ऐकू यायलंय."