पलंगासाठी फोन कोणी केला?

मागच्या महिन्यात एका रविवारी पेणला आमच्या दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, जुना पलंग विकायचाय ना, बघायला आलोय."

पलंग सासऱ्यांच्या घराण्यातला. शिसवी, डोक्याशी कोरलेले मोर, एक पाय आतून पोखरलेला. रोह्याला दिरांनी घर नव्याने बांधायला काढलं, तेव्हा टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवला. तेव्हापासून वाद चालू... नवऱ्याला तो अगदी पहिल्यासारखा करून हवा होता, नवा पाय, जुन्या पद्धतीचं पॉलिश, सगळं. दीर म्हणत होते, पाय तेवढा जोडा आणि वापरा.

विकायचा विषय मात्र कोणीच काढला नव्हता. मग ह्याला कळलं कसं?

तो माणूस आत आला आणि थेट भिंतीकडच्या पायाशी वाकला. वाळवी तिथेच लागलीय, आणि ती बाहेरून दिसत नाही! मी दारातच उभी राहिले, पाणीसुद्धा विचारलं नाही. कोणी सांगितलं म्हटल्यावर नुसता हसला. "घरातूनच फोन होता" म्हणाला, फोटो काढले आणि गेला.

नवरा डोलवीला कंपनीत, शिफ्टवर. माझा संशय सरळ दिरांवर. पॉलिशला दिला का, असं त्यांनी फोनवर एक-दोनदा विचारलं होतं... आता त्या विचारण्याचा वेगळाच अर्थ लागायला लागला.

त्यांना फोन करून आडून आडून विचारलं. ते आधी गोंधळले, मग चिडले. उलट त्यांनाच वाटलं, आम्ही गुपचूप विकायला काढलाय. संध्याकाळी नवरा आल्यावर दोघे भाऊ फोनवर अगदी तुटक बोलले.

आणि मग एक गोष्ट खटकली. दारात कोणीही आलं तरी सासूबाई त्याचं गाव विचारल्याशिवाय सोडत नाहीत. त्या माणसाच्या वेळी त्या तांदूळ निवडत बसून राहिल्या होत्या... मान वर न करता.

मी विचारलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"मीच केला फोन. शेजारणीकडनं लावून घेतला. तुम्हाला सांगितलं असतं तर हात लावू दिला नसता."

पलंग बाबांचा आहे, एवढंच नवरा म्हणाला.

"व्हय, त्यांचाच. सासऱ्यांना, सासूला, मग तुझ्या बापाला... सगळ्यांना मी त्यावरच पुसलं-सवरलं. मी मात्र जन्मभर खाली चटईवर. आता तू त्याला चकचकीत करणार आणि मी रोज बघत बसायचं? नाय रे."

दोन-तीन दिवस गेले. मग नवऱ्यानेच रोह्याला फोन करून सगळं सांगितलं. दीर पुढच्या रविवारी स्वतः सुताराला घेऊन आले.

आईंना विचारूनच काम झालं. वाळवीचा भाग कापून टाकला, उरलेल्या लाकडाचं पडवीत बसायला बाकडं केलं. मोर पाठीला राहिले, ती नवऱ्याची अट. "आडवं होता येईल एवढं रुंद ठेव," ही आईंची.

काल ऑफिसमधून लवकर आले. आई बाकड्यावर गाढ झोपल्या होत्या, भरदुपारी, पाय चांगले लांब करून... मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने आत गेले.