कैऱ्यांच्या दिवसांत कोणी मरू नये

मरणाला आमच्या साडूंइतकं घाबरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. भीती स्वतःच्या मरणाची नव्हे. त्या बाबतीत ते इतके बेफिकीर की तापाने फणफणले असतानाही मिरचीच्या ढिगावर बसून पेंडखजूर खात. त्यांना धास्ती होती ती भाऊबंदांच्या मरणाची, आणि तीही फक्त आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंत. त्यानंतर कोणी केव्हाही जावो, साडू सगळ्यांत आधी तिरडीला खांदा द्यायला हजर.

याचं कारण लोणचं. रिसोडला त्यांचा वडिलोपार्जित लोणच्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पडवी, एक अंगण, अडकित्ते घेऊन बसलेल्या बाया आणि भिंतीलगत माणसाच्या कमरेएवढ्या चिनी मातीच्या बरण्यांची रांग. वाशीमपासून हिंगोलीपर्यंत दुकानदार त्यांच्या लोणच्याची वाट पाहत. पण कैरी वर्षाकाठी एकदाच येते, आणि सुतकात लोणचं घालायचं नसतं. सुतकाचा हात लागला की बरणी नासते, यावर घरातल्या लहानथोरांचा सारखाच विश्वास. एका साली ऐन हंगामात कोणी चुलतभाऊ गेला आणि सुतक फिटेपर्यंत अंगणातल्या कैऱ्या पिवळ्या पडल्या. त्या वर्षी रिसोडातल्या तिन्ही भावांच्या घरांत एकाच वेळची चूल पेटली. कारभार साडूंच्या हातात आला तो त्याच वर्षी, आणि त्यांनी मनाशी काय ठरवायचं ते ठरवून टाकलं.

तेव्हापासून आखाजीच्या आधी ते भाऊकीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा दौरा काढू लागले. मी रिसोडच्या शाळेत मास्तर, उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे मलाही ओढून नेत. सोबत च्यवनप्राश, सुंठ आणि एखादं घोंगडं. शेलूबाजारला त्यांची एक काकू होती, नुसता हाडांचा सापळा. साडूंनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "काकू, मिरगापावतर कळ काढ. मंग तुही मर्जी."

"काहून रे मेल्या," म्हातारी उसळली, "आता मरनंबी तुले इचारून मरू काय?"

"इचारू नको, सांगूबी नको," साडू म्हणाले. "सांगितलं का मले लागलं."

हा त्यांचा शोध. एका भटजींना गाठून त्यांनी खात्री करून घेतली होती की सुतक कानाने लागतं, बातमी ऐकली नाही तोवर माणूस मोकळा. झालं, पुढच्या हंगामापासून साडूंच्या कानांत कापसाचे बोळे आले. परगावचा माणूस फाटकाशी दिसला की हे पडवीतून ओरडत, "सुतकाची हाय का बिनसुतकाची? सुतकाची असन तं मास्तरले सांग!" मी त्यांच्या गोत्राबाहेरचा, मला काही लागत नव्हतं. त्यामुळे लग्नाची, बारशाची, हरवलेल्या म्हशीची बातमीसुद्धा आधी माझ्या कानावरून जाई. सगळं रिसोड हसायचं. मीही हसायचो.

या दौऱ्यात एक घर मात्र ते कधीच घेत नसत, ते त्यांच्या थोरल्या भावाचं. मोठेभाऊ किन्हीराजाची शेती पाहत. बायको गेलेली, मूलबाळ नाही, पण अंगाने धडधाकट. वडिलांमागे साडूंना त्यांनीच वाढवलं. मीठ मुठीने कसं मोजायचं, मोहरी कितपत फेसायची, हे सगळं त्यांचं शिकवणं. "मोठाभाऊ आमाले साऱ्याइले पोचवून मंग जाईन," असं साडू कौतुकाने म्हणत.

त्या वर्षी कैरी उदंड आली होती. अंगणभर फोडी मीठ-हळद लावून पसरलेल्या, साडू कोपरापर्यंत पिवळे. सकाळच्या मोटारीने एक माणूस आला आणि फाटकाशी उभा राहिला. प्यायला पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. तो मोठ्याभाऊंचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी होता. मी बाहेर गेलो. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, आमचा मालक पहाटे गेला. उठलाच नाई. मढं ठेवलं हाय. धाकल्या मालकाची वाट पाहून राह्यले सारे, अग्नी त्याइनंच द्याव म्हून."

मी पडवीत आलो. "साडूभाऊ, कापूस काढा. हे तुम्हाला ऐकावंच लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकाकडे पाहिलं. मग अंगणभर पसरलेल्या फोडींकडे, खाली मान घालून अडकित्ता चालवणाऱ्या बायांकडे, आत मसाला भाजणाऱ्या भावजयांकडे. बराच वेळ त्यांचे हात फोडींत तसेच होते.

"नका सांगू मास्तर," ते म्हणाले. "साऱ्या घराचं वर्साचं पोट अंगनात पडलं हाय." आणि पुन्हा फोडी चोळायला लागले. मी वळलो तेव्हा मागून आवाज आला, "त्याले जेवू घाला. अन् म्हना, वाट नका पाहू."

कोणी कोणाची वाट पाहत असल्याचं मी बोललोच नव्हतो.

सालदाराबरोबर किन्हीराजाला मी गेलो. अग्नी सालदारानेच दिला. परतलो तर रिसोडला काम चालूच होतं. साडू जेवत नव्हते, धाकट्यांनाही त्यांनी काही कळू दिलं नाही. शेवटच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून झाला तेव्हा त्यांनी हात धुतले, कानांतला कापूस काढला आणि माझ्यासमोर ओट्यावर येऊन बसले.

"सांगा आता."

मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अग्नी कोनं देल्ला?" ते ऐकलं आणि ओट्यावरच आडवे होऊन लहान मुलासारखे हंबरडा फोडून रडले. न्हाव्याला मीच बोलावून आणलं.

यानंतर ते एका गोष्टीची वाट पाहू लागले, लोणचं नासण्याची. दर आठवड्याला एकेक दादरा सोडून आत डोकावत, बुरशीचा ठिपका शोधत. दिवाळीला त्यांनी मला पडवीत नेलं आणि बोटावर खार दिला. इतकं चांगलं लोणचं त्या घरात कधीच झालं नव्हतं. हिंगोलीचे दुकानदार आणखी मागत होते.

"एकबी नासली नाई, मास्तर," ते म्हणाले. "नासाले पायजे होती."

पुढच्या वर्षी भर हंगामात शेलूबाजारची काकू गेली. साडूंनी स्वतः जाऊन अग्नी दिला, तेरवीपर्यंत तिथेच राहिले. इकडे अंगणात कैऱ्या पिवळ्या पडल्या, भावांनी कपाळाला हात लावला. मग हळूहळू कारभार धाकट्यांकडे गेला.

साडू मात्र आखाजीनंतर रोज ओट्यावर बसू लागले. कानांत कापूस नसे. परगावचा कोणीही माणूस फाटकाशी दिसला, मग तो मिरची विकायला आलेला का असेना, की हे धोतर सावरत लगबगीने उठत, त्याच्या हातात पाण्याचा गडवा देत आणि आधी विचारत, "सांग बाप्पा, कोन गेलं?"